टाइमकीपर नंबर सात यांची रजा

रजा मंजूर झाली. शंभर वर्षं उशिरा, तोंडी, आणि चहाच्या कपाआडून, पण झाली.

तर असं काहीही झालेलं नाही. पौडच्या कुठल्याही कचेरीतल्या कुठल्याही टेबलाने कुठल्याही मयत माणसाची रजा मंजूर केलेली नाही. तसे अधिकार कुठल्याच टेबलाला नसतात. मी तिथे नव्हतो, आबा तिथे नव्हते, देवसुद्धा तिथे नव्हता. वरचं वाक्य ज्यांनी वाचलं असेल त्यांनी ते कृपा करून जागच्या जागी परत ठेवावं. गोष्ट इथून सुरू होते.

माझी बहीण अपेक्षा हिचं लग्न ठरलं तेव्हा आबांनी देव उजळायला काढले. आबा म्हणजे माझे आजोबा, कुशाबा. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अजून कुणी दारात उभं राहिलं की त्याला ‘म्होरं सरका’ म्हणतात. आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत, म्हणजे देवांचे ठसे उमटवलेले छोटे पत्रे. खंडोबा, भवानी, बहिरोबा, आणि घोड्यावर बसलेला एक वीर. या वीराचा घोडा पुसून पुसून इतका झिजलाय की आता त्याला घोडा म्हणणं हा आमचा मोठेपणा. आणि सगळ्यांच्या मधोमध गोल देव.

गोल देव बाकीच्यांपेक्षा जाड. हळदीकुंकवाची पुटं चढून काळाठिक्कर झालेला. डोक्यावर एक कडी होती, तिला आम्ही मुकुट म्हणायचो. पोटावर ढालीसारखी कोरलेली रेघ होती, तो चेहरा. दसऱ्याला सगळ्या देवांना दूध, दही, तूप, मध आणि साखरेची आंघोळ असायची, आणि गोल देवाला थोडी जास्त, कारण त्याचं अंग मोठं. तो कुठला, कुणाचा, कधी आला, हे कुणी विचारलेलं नव्हतं. आमच्या घरात देवाला प्रश्न विचारायची पद्धत नाही. देवानेही आम्हाला कधी काही विचारलेलं नाही.

देव उजळायला दिले ते पौडच्या बंडोपंत सोनारांकडे. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“कुशाबा, बसलाय का उभे आहात?”

“बसलोय.”

“मग सांगतो. तुमच्या देवाला काटे आहेत.”

“कसलं काटं?”

“घड्याळाचे. चिंचेच्या पाण्यात ठेवला, तर पोटावरचं झाकणच उघडलं. आत तबकडी आहे. काटा एकच उरलाय. दुसरा दह्याने खाल्ला असावा.”

आबांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा कानाला लावला.

“बंडोपंत, झाकन लावून ठिवा. असं उगडं नगा ठिऊ त्यास्नी. यतो मी.”

आम्ही गेलो. बंडोपंतांनी लाल कापडावर घड्याळ ठेवलं होतं. खिशात ठेवायचं, साखळीचं, दोन्हीकडून चांदीच्या झाकणाचं. मागचं झाकण उघडलं तर आत चाकंच चाकं, आणि चाकांच्या मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचं पंचामृत वडीसारखं घट्ट बसलेलं. बंडोपंत म्हणाले, “वास अजून चांगला आहे हो.” आबांनी झाकण लावून घेतलं.

घरी आल्यावर माझ्या वडिलांनी, म्हणजे विठ्ठलरावांनी, लगेच निकाल दिला. “घड्याळ हाय, म्हंजी देव न्हाई. बाहेर काढा. लगीनघरात लोक हसत्याल.”

“तुज्या लग्नात हसलं का?” आबा म्हणाले.

“तवा कुटं म्हाईत हुतं?”

“मंग तवा देव हुता का न्हवता?”

वडिलांनी यावर विचार केला आणि मांडववाल्याला फोन लावायला अंगणात गेले.

आबांना देवाचं घड्याळ निघाल्याचं फारसं काही वाटलेलं नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. आमच्याकडे मुलीच्या लग्नाआधी जागरण घालतात. त्यात घरातल्या प्रत्येक देवाला नाव घेऊन, गाव घेऊन बोलवायचं असतं. हे काम आबांचं. ज्याचं नाव घेतलं नाही तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो, आत येत नाही, जेवत नाही. आजवर प्रत्येक जागरणात आबांनी ‘गोल देवा, ये’ म्हणून हाक घातली होती.

“देवाला गोल म्हनलं तर चालतंय,” आबा म्हणाले. “पर ह्ये घड्याळ म्हंजी कुनातरी मानसाचं हाय. मानसाला गोल म्हनून कसं बोलावू? आन् मी इतकी वर्सं आंगूळ घालीत हुतो ती कुनाला?”

म्हणजे जागरणाच्या आत नाव पाहिजे होतं. नाव नाही मिळालं तर वडील त्याला देव्हाऱ्याबाहेर काढणार हे ठरलेलं. बाहेर काढला की कुठे जाणार हेही ठरलेलं. मी धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर कामाला आहे. माझ्या हुद्द्यात ‘एक्सपिरियन्स’ असा शब्द आहे, म्हणजे मी पुण्याहून आलेल्या लोकांना तंबू कुठे आहे ते दाखवतो. आमचे मॅनेजर इंद्रजित सर यांनी रिसेप्शनवर एक काचेचं कपाट केलंय. त्यात जातं, कंदील आणि कुणाच्या तरी आजीचा अडकित्ता आहे. गोल देवाची बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली माहीत नाही, पण सकाळी त्यांनी मला जातं थोडं डावीकडे सरकवायला सांगितलं.

आमच्या माडीवर स्वानंद भाड्याने राहतो. मूळ जळगावचा, हिंजवडीच्या कंपनीत कामाला, आणि जुन्या घड्याळांचा नादिष्ट. त्याच्याकडे डोळ्याला लावायचं भिंग आहे, जे तो मीटिंग चालू असतानाही लावतो. आबांनी घड्याळ त्याच्यापुढे धरलं, पण हातात दिलं नाही.

“आजोबा, मला जरा फिरवून बघावं लागेल.”

“कसं फिरवायचं सांग, मी फिरवतो.”

मग आबा फिरवत गेले आणि स्वानंद वाचत गेला. झाकणाच्या आत बारीक ठसे होते. चालणारा सिंह म्हणजे चांदी अस्सल. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहराची खूण. एका अक्षरावरून साल निघालं, पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं. चांदी घडवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरंसुद्धा निघाली.

“बर्मिंगहॅमला समुद्र हाय काय रं?” आबांनी विचारलं.

“नाही. मजा म्हणजे तेच आहे. समुद्र नाही तरी खूण नांगराची.”

“आमच्याबी गावाला समुद्र न्हवता,” आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “आनून दिला.”

खिडकीबाहेर धरणाचं पाणी होतं. आमचं जुनं गाव त्या पाण्याखाली आहे. त्यावर आमच्या घरात याहून जास्त कधी बोलत नाहीत.

स्वानंदने मग पोटावरची ढाल दाखवली, जिला आम्ही चेहरा मानत होतो. “ही ढाल म्हणजे मालकाचं नाव कोरायला सोडलेली जागा. दुकानातून कोरीच येते. घेणारा मागाहून नाव घालून घेतो.”

“मंग नाव?”

“घातलेलं नाही.”

तेवढ्यात भिंग मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थांबलं. तिथे कुणीतरी सुईसारख्या टोकाने इंग्रजीत खरवडलं होतं. टी. के. सात.

“टी. के. म्हणजे टाइमकीपर असणार,” स्वानंद म्हणाला. “हजेरी घेणारा. मोठ्या बांधकामांवर असायचे. घड्याळ त्याचं स्वतःचं नसेल. कामावर वापरायला दिलेलं. सात नंबरच्या माणसाला सात नंबरचं घड्याळ.”

इथे माझ्यासारख्याला जोक सुचायला हवा होता. सुचला नाही. बर्मिंगहॅमच्या कुठल्या गल्लीत कुणी चांदी ठोकली ते आम्हाला कळलं होतं. घड्याळाचा जन्मदाखला निघाला होता. ज्याच्या खिशात ते होतं त्याचा आकडा निघाला.

आबा म्हणाले, “आक्काकडं जायला पायजे.”

आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, रंभाबाई. कासारसाईला दिलेली. धरणामुळे उठलेल्या घरातली पोरगी, म्हणून बापाने मुद्दाम धरणापासून लांबचं गाव बघितलं होतं. पुढे धरण तिथेही आलं. रंभाआजी म्हणते, “माज्या वळखीनं आलं त्ये.” वय विचारलं तर म्हणते, तुझ्या बापाला विचार, आणि बापाला विचारलं तर तो म्हणतो, तिलाच विचार.

ती ओसरीत लसूण सोलत बसली होती. आबांनी पंच्याची गाठ सोडून आतलं घड्याळ तिच्यासमोर धरलं.

“व्हय, घड्याळच हाय त्ये,” ती म्हणाली आणि पुढची पाकळी घेतली.

“आक्का, तुला म्हाईत हुतं?”

“हुतं की.”

“मंग सांगितलं का न्हाई इतक्या वर्सांत?”

“तू इचारलं का? देव्हाऱ्याला बायकांचा हात लागू देत न्हाई तुमी. म्हनलं, आसंल तुमचं काय ते शास्तर.”

आबा खाली बसले. मीही बसलो. रंभाआजीने लसणाची सुपली बाजूला सारली, आणि आपल्या आजीने सांगितलं होतं तसं सांगितलं.

धरणाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. गावाने ठरवलं होतं, धरणावरच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. रोज सकाळी हजेरीची घंटा व्हायची. घंटा देणारा एक पोरगा होता. मिसरूड फुटलेलं, बोली इकडची नाही. हातात घड्याळ, घड्याळात बघून घंटा. गावातली पोरं त्याला लांबून दगड मारायची. तो दगड चुकवायचा आणि पुन्हा घड्याळात बघायचा.

“मंग त्येला हिवताप झाला. छावनीत कोन कुनाला बघतंय? एक दिस आमच्या गोठ्यामागं येऊन बसला. आजीनं बगितलं. कुनाला न सांगता तांदळाची पेज दिली. मंग रोज यायला लागला. प्यायचा आन् रोज एकच बोलायचा. ‘रजेचा अर्ज दिलाय. बहिणीचं लग्न आहे. मंजूर झाली की जातो.’ आजी म्हनायची, ‘जा बाबा.’ त्यो म्हनायचा, ‘मंजूर झाली की.’”

“मंग?” आबा म्हणाले.

“मंग काय. गोठ्यातच गेला.”

लसणाची सालं वाऱ्याने ओसरीभर पसरली होती. ती कुणी गोळा केली नाहीत.

“छावनीवाली म्हनली, तुमच्या गोठ्यात मेला, तुमी बगा. गाव म्हनलं, धरनाचा मानूस, खांदा देनार न्हाई. आज्यानं आन् आजीनंच नेला, गाडीत घालून. आपल्याच वावराच्या कडंला माती दिली. त्ये वावर आता पान्यात हाय. घड्याळ न्ह्यायला कोन आलं न्हाई. त्ये चालूच हुतं. आजी म्हनायची, टिकटिक चालू हाय तवर त्यो कामावर हाय. बंद पडलं, तवा तिनं हळदकुकू लावून आज्याच्या हातनं देवात ठिवलं.”

“देवात का?”

“भ्यालेली. आपन ज्येचं देनं लागतो त्येलाबी देवातच ठिवावं लागतं, कुशा. मेल्याल्या सवतीचा टाक न्हाई का बायका गळ्यात घालत?”

आबांनी मग ते विचारलं ज्यासाठी आम्ही आलो होतो. “नाव काय त्येचं?”

रंभाआजीने लसणाचे हात पदराला पुसले.

“म्यां बी आजीला हेच इचारलं हुतं. ती म्हनली, पेज पाजली, पर नाव न्हाई इचारलं. नाव इचारलं आसतं तर त्यो आपला झाला आसता. आन् तवा त्येला आपला करायची सोय न्हवती.”

परतीच्या गाडीत आबांनी खिडकीची जागा घेतली आणि घड्याळ मांडीवर धरलं. मी म्हणालो, “आबा, नाव तर नाही मिळालं. आता जागरणात त्याला टाइमकीपर म्हणून बोलवा. हुद्दा आहे, नंबर आहे.”

“बोलवून काय उपेग? त्यो येनारच न्हाई.”

“का?”

“त्यो कामावर हाय. रजा मंजूर झाल्याबिगर त्यो जागेवरनं हालला न्हाई, मरस्तोवर. आता जागराला यील व्हय?”

“अहो, पण आजी म्हणाली ना, घड्याळ बंद पडलं तेव्हा काम संपलं.”

“घड्याळ बंद पडलं म्हंजी रजा न्हवं,” आबा म्हणाले. “त्येला बिनपरवाना गैरहजर म्हनत्यात.”

एसटीत अख्खी नोकरी केलेल्या माणसाशी रजेच्या नियमांवर वाद घालू नये. पण मग ते स्वतःच, पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलले. “माजी आई सिरीयस हुती. अर्ज दिला. साहेब म्हनला, मानसं न्हाईत, ही फेरी मारून ये. मारली. आलो तवा राख सावडायची चालली हुती. रजा मिळाली न्हाई म्हंजी काय, त्ये मला इचार.”

पौड आलं. मला वाटलं आपण गाडी बदलायला उतरतोय. आबा कचेरीच्या दिशेने चालायला लागले.

आता पुढचा भाग झालेला नाही. पण झाला असता तर असा झाला असता.

कुठल्या खात्याची कचेरी ते मी सांगत नाही. टेबलामागे पुरुष होता की बाई, तेही सांगत नाही. आपण ‘टेबल’ म्हणू. आबा टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “रजेचा अर्ज हाय.”

“कुणाची रजा?” टेबलाने विचारलं.

“टाइमकीपर, नंबर सात.”

“नाव?”

“म्हाईत न्हाई.”

“खातं?”

“धरन.”

“कारण?”

“भनीचं लगीन.”

“कधी आहे?”

“झालं आसंल.”

टेबलाने पेन खाली ठेवलं. “आजोबा, रजा कधीपासून हवी आहे?”

“धरन बांधायच्या टायमापासनं.”

मी मागून खुणा करत होतो, की आम्ही जातो, वय झालंय, राग मानू नका. टेबल माझ्याकडे बघत नव्हतं.

“धरणाचं काम आमच्याकडे येत नाही,” ते म्हणालं. “आणि दुसरं म्हणजे अर्जदार स्वतः हजर लागतो.”

आबांनी पंच्याची गाठ सोडली, झाकण मिटलेलं घड्याळ टेबलावर ठेवलं, आणि त्याची कडी सरळ केली.

“हजर हाय.”

घड्याळावर सकाळचं कुंकू होतं. टेबलाने ते पाहिलं. मग आबांकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे. आबांनी गोठा सांगितला, पेज सांगितली, रोज बोलायचा ते वाक्य सांगितलं. फार नाही सांगितलं. कंडक्टर थांब्यांची नावं सांगतात तसं सांगितलं. मागे रांगेत दोन माणसं होती, त्यांनीही घाई केली नाही. मी खाली पाहिलं तेव्हा टेबलाखाली कुणीतरी हळूच चपला काढून ठेवल्या होत्या.

चहा आला. एक कप आबांपुढे ठेवला, आणि थोडा विचार करून एक घड्याळापुढे. मग टेबलाने आपला कप तोंडाशी नेला, आणि कपाआडून, आजूबाजूला कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हटलं, “मंजूर.”

आबांनी हात जोडले. मग त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला. “लेखी भेटंल का?”

“आजोबा, लेखी नाही देता येणार. मी काही बोललेच... बोललं नाहीये.”

म्हणून म्हणतो, यातलं काही झालेलं नाही.

जागरणाला वाघ्या-मुरळी आले, दिवटी पेटली, आणि आबा भंडाऱ्याची ताटली घेऊन उंबऱ्यापाशी गेले. जेजुरीचा मल्हारी आला, तुळजापूरची आई आली, डोंगरावरचा बहिरोबा आला, झिजक्या घोड्यावरचा वीर आला. एकेका नावाला भंडारा उधळत आबा शेवटच्या नावापाशी आले आणि थांबले. वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी अट घातली होती, नाव नाही तर देव नाही. वाघ्याने दिमडी थांबवली. त्याला वाटलं आबा विसरले.

“आमी ज्येचं नाव इचारलं न्हाई,” आबा म्हणाले, “त्या पावन्या. तुजी रजा मंजूर झाली. भनीचं लगीन हाय. ही बी तुजी भनच. म्होरं सरक, आत ये.”

आबांनी भंडारा उधळला तो बराचसा वडिलांच्या डोक्यावर पडला. वडिलांनी तो झटकला नाही. पुढे झाले आणि दारातून बाजूला सरकले. आत येणाऱ्याला वाट करून देतात तसे.

अपेक्षा माझ्या कानात म्हणाली, “म्हणजे आता मला दोन भाऊ. एक शंभर वर्षं मोठा.”

“आणि कामसू,” मी म्हणालो.

“म्हणूनच वेगळा कळतो,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. मी तिला खिशातला रुमाल दिला.

लग्नात आमच्याकडे कानपिळी असते. नवरीच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, आमच्या बहिणीला नीट सांभाळ अशी तंबी म्हणून. मी पिळला. नवरा मुलगा ऋषिकेश, साधा माणूस, हसत उभा होता. तेवढ्यात आबा गर्दीतून पुढे आले. “थांब. थोरल्याचा मान ऱ्हायला.” त्यांनी पंच्याची गाठ सोडली आणि घड्याळ ऋषिकेशच्या कानाला लावलं. फोटोग्राफरने काय घ्यायचं न कळून माझाच फोटो घेतला.

ऋषिकेशने नीट कान देऊन ऐकलं. त्याला वाटलं काही ऐकू यायला हवं आहे. “आबा,” तो शेवटी घाबरत म्हणाला, “काहीच ऐकू येत नाही.”

“कसं यील?” आबा म्हणाले. “रजेवर हाय.”

लग्नानंतर गोल देव पुन्हा देव्हाऱ्यात गेला. वडिलांनी स्वतःच्या हाताने ठेवला, पण मग त्यांना शंका आली. “आबा, त्यो रजेवर गेला, मंग आता हितं कोन हाय?”

“त्येची जागा,” आबा म्हणाले. “रजेवरच्या मानसाची जागा भरत न्हाईत.”

रिसॉर्टच्या कपाटात मी जातं परत उजवीकडे सरकवलं.

यावर आबांनी निवांत व्हायला हवं होतं. पण ते हल्ली देव्हाऱ्यासमोर बसले की उठायला त्यांना हात द्यावा लागतो, आणि हात दिला की तो धरून ठेवून एकच बोलतात. “तोंडी रजेवर गेलेल्याला दुसऱ्या दिशी गैरहजर मांडत्यात, साहिल. साहेब बदलला की कोन वळखतंय? माज्या माघारी त्येला कुनी परत बलवायला नगं. लेखी घे.”

मी म्हणालो, कुणाकडून घेऊ? त्या वेळचं कुणी राहिलेलं नाही. ते म्हणाले, तू लिव तर.

अर्ज कुठे द्यायचा हे अजून ठरलेलं नाही. म्हणून इथे देतो.

प्रति,
मा. रजा मंजूर करणारे अधिकारी,
(जे कुणी असतील, जिथे कुठे असतील)

विषय: टाइमकीपर क्र. ७ यांची बहिणीच्या लग्नाकरिता रजा पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त कर्मचारी यांनी धरणाचे बांधकाम चालू असताना रजेचा अर्ज दिला होता. सदर अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही. निर्णयाची वाट पाहात असता ते आमच्या गोठ्यात मयत झाले. त्यांनी परवानगीशिवाय कामाची जागा सोडल्याचे कुणी पाहिलेले नाही. त्यांच्या ताब्यातील घड्याळ आमच्याकडे सुस्थितीत असून दर दसऱ्यास त्यास आंघोळ घालण्यात येते. आत दही गेले आहे, त्याची जबाबदारी आमची.

तरी सदर रजा मूळ अर्जाच्या दिनांकापासून लेखी मंजूर करण्यात यावी. त्यांची एकही गैरहजेरी मांडू नये. त्यांची जागा भरू नये. ते आमच्या वावराच्या कडेला असून वावर सध्या पाण्याखाली आहे, करिता त्यांना बाहेर पडण्यापुरते पाणी एक दिवस मागे घेण्यात यावे, व त्यांच्या गावापर्यंतचा प्रवास-परवाना सोबत जोडण्यात यावा.

मूळ अर्जदाराचे नाव व गाव हे दोन्ही रकाने कोरे सोडले आहेत. आपल्या दप्तरी ते आढळल्यास आमचे आजोबा श्री. कुशाबा हयात आहेत तोवर कळविण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.